उन्हाळ्यातली बाजरी

वैशाखातला मंगळवार. सकाळचे साडेदहा. कारळवाडी गावाबाहेरचा मठ. लिंबाखालचा दगड, आणि त्यावर उपडी केलेली भिक्षेची झोळी.

“मग ते घर टाळायचं होतं का मी?” हेरंबनं विचारलं.

मठाच्या प्रमुख रेऊमाई झोळीतलं अन्न बोटांनी चाळत राहिल्या.

मठाची रीत जुनी आहे. भिक्षेला निघालं की ओळीत येणारं एकही दार चुकवायचं नाही. दार कुणाचं, कोणत्या जातीचं, हे बघायचं नाही. अमुक द्या म्हणायचं नाही. पडेल ते एकाच झोळीत घ्यायचं, एकत्र कालवायचं आणि खायचं. रीत ऐकायला फार सुंदर आहे. प्रत्यक्षात मठाचे सगळे शिष्य वर्षानुवर्षं ओढ्यापाशी मागे फिरत. ओढ्यापलीकडे गोसाव्यांची पालं होती. पालांना दारं नसतात. एवढं कारण त्यांना पुरत असे.

हेरंब तत्त्वज्ञानात एम.ए. झालेला, विद्यापीठात पहिला आलेला. नोकरी नाकारून मठात आला होता, आणि नाकारली हे तो विसरला नव्हता. त्या सकाळी तो ओढा ओलांडून पालांवर गेला. परतताना त्याची मान ताठ होती.

“आजवर सगळ्यांनी भेद केला,” तो म्हणाला. “मी केला नाही. नियम पाळला.”

“पाळलास.”

“मग चुकलं काय?”

“चुकलं असं कोण म्हणालं?”

माईंनी भात बाजूला सारला, ज्वारीच्या भाकऱ्या बाजूला सारल्या. तळाशी अर्धी भाकरी होती. जाड, काळपट. ती त्यांनी नाकाशी नेली.

“ही कुणाकडची?”

“पालावरची. एका म्हातारीनं दिली.”

“बाजरी आहे.”

“असेल.”

“उन्हाळ्यात बाजरी कोण खातं रे?”

हेरंबला या प्रश्नाची गंमत वाटली. वेदान्तात असा प्रश्न नव्हता.

“ओवा घातलाय,” माई म्हणाल्या. “बाजरी, त्यात ओवा. या दिवसांत बाजरीनं अंगाची आग होते. वैशाखात ती एकाच बाईला खाऊ घालतात.”

“कुणाला?”

“जिच्या अंगावर पोर पितं तिला.”

...

“मला ठाऊक नव्हतं,” हेरंब म्हणाला.

“पालात पोराचं रडणं ऐकू आलं?”

त्यानं आठवून पाहिलं. “नाही. अगदी शांत होतं सगळं.”

माई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. “मग चल लवकर.”

“भाकरी परत द्यायला?”

“ते तू सांग. शिकलेला तू.”

“भिक्षा परत देत नाहीत, माई. देणाऱ्याचा अपमान होतो. घराला लागतं म्हणतात.”

“हो. म्हणतात.”

“मग खायची?”

“खा बघू.”

हेरंबनं हात पुढं केला नाही.

माईंनी सगळं अन्न पुन्हा झोळीत भरलं आणि झोळी त्याच्या खांद्यावर दिली.

मठातून ओढ्याकडे जाताना गाव डाव्या हाताला राहतं. गावात नळ आहे, शाळा आहे, आरोग्य उपकेंद्र आहे, सरकारच्या पैशांतून बांधलेली कमान आहे. ओढ्यापलीकडे यातलं काही नाही. ओढा कोरडा आहे. लहान पोरही तो चालत पार करेल.

वाटेत माई विचारत होत्या.

“पालापुढं चूल होती?”

“असावी.”

“पेटलेली?”

“लक्ष दिलं नाही.”

“म्हातारीनं भाकरी कुठून आणली?”

“आतून.”

“आत कोण होतं?”

“मी पाहिलं नाही, माई. भिक्षेला उभं राहिलं की डोळे खाली ठेवायचे, असा नियम आहे.”

“आहे,” माई म्हणाल्या. “चांगला नियम आहे. काहीच दिसत नाही.”

पालं म्हणजे बांबूंवर टाकलेल्या ताडपत्र्या. एका पालावर कुणा पुढाऱ्याचा मोठा फ्लेक्स होता, चेहरा आतल्या बाजूला. त्या पालापुढं म्हातारी बसली होती. अंगावर विटकं लुगडं, खांद्यावर भगवी झोळी. ही माणसंही भगवीच. डमरू वाजवून, नाथांची गाणी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या भिक्षा मागत आलेली.

म्हातारीचं नाव जनका. तिनं हेरंबकडं पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“परत आलात व्हय? म्हाराज, एका दारी एका दिसात दोनदा न्हाई मागायचं. आमच्यात ह्याला दंड बसतो.”

“या आमच्या माई,” हेरंब म्हणाला.

“वळखते की. गावात फिरत्यात तवा लांबनं बघते. बसा माई. बसायला काय न्हाई, पर बसा.”

माई मातीत बसल्या.

“भाकरी का दिलीस, जनका?”

“झोळी आली दारात. रिकामी कशी धाडू?”

“घरात बाळंतीण असताना?”

जनका हसली. तिला पुढचे दात नव्हते. “माई, आमी जातीचे मागणारे. तुमी हौसेचे. रिकामी झोळी किती जड असती, ते आमाला इचारा. दारातनं रिकामं धाडलं की त्यो माणूस दिसभर ते वझं वागवतो. आन्‌ हा तर लई ताठ आलता. म्हटलं, ह्याला पयल्यांदाच कुणीतरी सांगितलं आसंल की आमी बी माणसं हाय म्हणून. नाराज कशाला करा?”

हेरंबचे कान लाल झाले.

“सुनेला काय ठेवलंस?”

“अर्दी ठिवली व्हती.”

“खाल्ली तिनं?”

जनकाचं हसू गेलं. तिनं पालाकडं पाहिलं.

“परवापास्नं काय खाईना, माई. ताप हाय.”

माई वाकून आत शिरल्या. हेरंब बाहेरच थांबला.

“आत ये,” आतून आवाज आला.

“माई, बाळंतिणीच्या जागेत मी...”

“डोळे वर कर आणि आत ये.”

आत ऊन भरून राहिलं होतं. डोक्यावर पुढारी हात जोडून हसत होता. खाली गोधडीवर बाई पडलेली. झुंबर तिचं नाव. ओठ फुटलेले. अंगावरून येणारा वास वेगळा होता. बाळंतिणीच्या खोलीला धुरीचा, तेलाचा वास असतो. तो हा नव्हता. माईंनी तिच्या पोटावर हात ठेवला तशी ती कळवळली.

शेजारी मूल होतं. मुलगी. तोंड उघडत होती, मिटत होती. आवाज येत नव्हता.

“दूद येईना, माई,” झुंबर म्हणाली. “पोरगी वढून वढून दमली. आता वढत बी न्हाई.”

“बाळंतपण कुठं झालं?”

“हितंच. सासूनंच केलं.”

“नर्सबाई आल्या नाहीत?”

झुंबरऐवजी जनकानं उत्तर दिलं. “मी गेले व्हते की त्येंच्याकडं. म्हणल्या, तुमचं नाव ह्या गावात न्हाई. जितं नाव हाय तितं जावा. म्हटलं, बाई, कुटं हाय आमचं नाव? सांगा, जाते. तर म्हणल्या, ते आमाला काय ठावं.”

“आणि हिचा नवरा? गावात डमरू घेऊन यायचा तो, अंबादास ना?”

“लांब गेलाय, मागायला. उन्हाळ्याच्या तोंडाला मोबाईलवर आलं म्हणं, पोरं पळवणारी टोळी फिरतीया, भगव्या कपड्यांत. गावातल्या पोरांनी त्येला चावडीपुढं धरला. मारला न्हाई, खोटं न्हाई बोलायचं. म्हणले, पुन्यांदा गल्लीत कुणी दिसला तर तंगड्या तोडू. तवापास्नं आमी कुणीच गावात न्हाई मागत. त्यो गेला लांबच्या मुलखात. वळखीच्या गावात मार, अनवळखी गावात बी मार. पर अनवळखीत आधी येक-दोन दिस पोटाला मिळतं.”

“मजुरीला का जात नाही?” हेरंबनं विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“गेले की म्हाराज. कांदा काढायला गेले. मालक म्हणला, तुमची माणसं रानात आली की इहिरीवरची मोटार चोरीला जाती. मोटार त्येच्या सख्ख्या भावानं इकली, सारं गाव जाणतंय. पर भावाला कोण बोलणार? आमाला बोलणं सोपं. आमचं नाव कुटंच न्हाई, पर चोरीत बराब्बर आसतंय.”

“मोठी पोरगी होती ना तुमची?” माईंनी विचारलं. “गाणं म्हणायची ती?”

झुंबरनं तोंड फिरवलं.

“मावशीकडं दिली,” जनका म्हणाली. “तितं दोन येळ खाती. आईला भेटायला रडती म्हणं. रडू दे. खाऊन रडती हाय नव्हं.”

...

“दवाखान्याच्या गाडीला फोन केलात?”

“काल दुपारी केला. शेजारच्या पालात मोबाईल हाय. ‘निघाली’ म्हणले. मग मोबाईल बंद पडला, चार्जिंग कुटं करायचं हितं. आमी सांजपतुर रस्त्याकडं डोळं लावून बसलो. न्हाई आली.”

“का?”

“गाड्यास्नी ‘का’ म्हणून आमी न्हाई इचारत, माई.”

माईंनी झोळीतलं अन्न शेजारच्या पालातल्या बाईजवळ दिलं. पोरीला थेंब थेंब साखरपाणी पाजायला सांगितलं. मग बाहेर आल्या.

“गावातल्या उत्तरेश्वरअण्णाकडं जीप आहे. जनका, तुझी झोळी घे.”

“मी? मला गल्लीत यिऊ देत्याल?”

“गाडी तुझ्या सुनेला हवी. मागणारी तू.”

“बरं. तुमच्या मागनं येते मग.”

“मागं नाही,” माई म्हणाल्या. “पुढं चाल.”

तसे तिघं गावात शिरले. पुढं जनका, मध्ये माई, मागं हेरंब. ऊन डोक्यावर होतं. माईंना पाहून लोक हात जोडत, मग जनकाला पाहून हात तसेच राहत. एका ओट्यावरून कुणीतरी म्हणालं, “आज काय वरात काढली का, माई?”

“हो,” माई म्हणाल्या. “नवरी पालात आहे. ये आणायला.”

ओट्यावरचा माणूस पान थुंकायला पलीकडं वळला.

उत्तरेश्वरअण्णांचं घर गल्लीच्या टोकाला. नवं, दुमजली. अंगणात जीप. अण्णांच्या बायकोनं, कलिंदाबाईंनी, माईंना पाहिलं आणि त्या आतून भरलं ताट घेऊन आल्या. पुऱ्यांची चळत होती. जनका दारात उभी होती. कलिंदाबाई तिला वळसा घालून माईंपर्यंत आल्या आणि पुऱ्या मठाच्या झोळीत वाढल्या.

“हिला?” माईंनी विचारलं.

“माई...” कलिंदाबाई अडखळल्या. “तुम्ही सोबत आहात म्हणून बोलत नाही. नाहीतर गावात ठरलंय आमच्या.”

अण्णा बाहेर आले. सदऱ्याला नवी इस्त्री. कुठंतरी लग्नाला निघाले असावेत.

“माई, तुम्ही सांगाल तितकं धान्य मठात टाकतो. पण या लोकांना दारात आणू नका. सवय लागते.”

“अण्णा, हिचा भगवा, माझा भगवा. फरक काय रे?”

अण्णांनी हेरंबकडं पाहिलं. “आता हे आम्ही अडाण्यांनी काय सांगायचं? तुमचे महाराज शिकलेले आहेत. काय महाराज?”

हेरंबला उत्तर येत होतं. परीक्षेत आलेल्या प्रश्नासारखं ते ओठावर आलं.

“आम्ही त्यागानं मागतो,” तो म्हणाला. “त्या गरजेनं मागतात.”

“बघा!” अण्णा खूश झाले. “किती नेमकं बोलले.”

माई हसल्या. मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल अशा.

“म्हणजे मला नकोय, म्हणून मला वाढता. हिला हवंय, म्हणून हिला नाही.”

...

कलिंदाबाईंच्या हातात रिकामं ताट होतं. ते त्यांनी उगाच पदरानं पुसलं.

“जनका,” माई म्हणाल्या, “माग.”

जनकानं झोळी पुढं केली नाही. हात जोडले.

“अण्णा, गाडी द्या. सून जाती माझी.”

“गाडी?” अण्णा म्हणाले. “ड्रायव्हर नाही आज. आणि आम्हाला लग्नाला जायचंय. सरकारी गाडी बोलवा की, फुकट असते.”

“बोलावली व्हती.”

“मग?”

“आली न्हाई.”

“मग आता त्याला मी काय करणार, बाई?”

माई पुढं झाल्या. “मग मी मागते. गाडी दे, अण्णा.”

“माई!” हेरंब मागून म्हणाला. “अमुक द्या म्हणायचं नाही. नियम आहे.”

“तो नियम माझ्या पोटासाठी आहे, हेरंब. तिच्या नाही.”

अण्णांनी घड्याळ पाहिलं. “माई, तुमच्यासाठी जीव देईन. पण बाळंतीण, त्यातून ती ओली, सीटं सगळी... नवी गाडी आहे हो. लोक काय म्हणतील? उद्या त्याच गाडीतून देवाला जायचं आम्ही.”

माईंनी वाद घातला नाही. त्यांनी हेरंबच्या खांद्यावरची झोळी घेतली. नुकत्याच वाढलेल्या पुऱ्या त्यात तशाच होत्या. झोळी त्यांनी कलिंदाबाईंसमोर धरली.

“हे परत घे.”

गल्ली उभी राहिली. ओट्यावरचे लोक उठून पुढं आले. कारळवाडीत मठाची भिक्षा कुणाच्या दारात परत दिल्याचं जिवंत माणसाला आठवत नव्हतं.

कलिंदाबाई मागं सरकल्या. “माई, असं करू नका.”

“घे.”

“माई, माझी लेक दिवसांत आहे. सातवा लागलाय. घराला असं लावू नका हो...”

“सातवा?” माईंचा आवाज खाली आला. “काय खाऊ घालतेस तिला?”

कलिंदाबाईंनी जनकाकडं पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच. मग ताट उंबऱ्यावर ठेवून त्या आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात चावी होती.

“अहो, चला.”

“अगं, पण लग्न...”

“ते लागेल तुमच्यावाचून. चला म्हणते ना.”

जीप ओढ्यात उतरली आणि वर चढली. त्याला पाण्याचा पेला प्यायला लागतो तेवढाच वेळ लागला. हेरंबनं झुंबरला उचलून आणलं. ती हलकी होती. गोधडी तिच्याहून जड होती. मागच्या सीटवर कलिंदाबाई स्वतः बसल्या आणि झुंबरचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. अण्णांनी वाटभर काचा खाली करून ठेवल्या.

तालुक्याच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीण होती. तिनं झुंबरला तपासलं आणि चिडून विचारलं, “दोन दिवस ताप आहे, आणि आज आणता? काल का नाही आणलं?”

जनकानं माईंकडं पाहिलं. माईंनी अण्णांकडं. अण्णांनी भिंतीवरच्या पोस्टरकडं. पोस्टरवर एक गुबगुबीत मूल आणि हसणारी आई होती, आणि बाळंतपण दवाखान्यातच करा असं लिहिलं होतं.

“काल म्हणजे?” हेरंबनं विचारलं. “काल आणलं असतं तर?”

“काल औषध लागू पडलं असतं. आज प्रयत्न करते.”

तिनं खरोखर प्रयत्न केला. रक्त दिलं, सलाईन लावलं, जिल्ह्याला फोनवर फोन केले. मुलीला नळीनं दूध सुरू केलं.

बुधवारी उजाडता उजाडता झुंबर गेली.

कागदावर कारण लिहिलं गेलं ते बाळंतपणानंतरचा जंतुसंसर्ग. ते खोटं नाही.

मुलगी जगली. सकाळी ती पहिल्यांदा रडली, इतक्या जोरात की शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, “गप गं बया, कान फोडती का?” जनका नातीला मांडीवर घेऊन व्हरांड्यात बसली होती. तिनं डोळे पुसले नाहीत.

“रडू दे,” ती म्हणाली. “कालपतुर आवाज न्हवता तिला.”

अण्णा पुन्हा आले होते. त्यांनी देहासाठी जीप आणली होती, न सांगता. ते माईंच्या पाया पडले. माईंनी पाय मागं घेतले नाहीत, आशीर्वादही दिला नाही.

आठच्या सुमाराला दवाखान्याच्या फाटकाशी चहाच्या टपरीवर सरकारी रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर उभा होता. त्यानं भगवे कपडे पाहून नमस्कार केला आणि हेरंबला विचारलं, “कारळवाडीचे का तुम्ही? ती पालावरची बाई तुमच्याकडचीच ना? गेली म्हणे.”

“हो.”

“वाईट झालं.” त्यानं चहा बशीत ओतला. “सोमवारी मी आलो होतो की तिला न्यायला.”

हेरंब त्याच्या पुढ्यात आला. “आला होतात? कुठं?”

“कारळवाडीत. चौकात, पाराच्या मागं गाडी लावली, उतरलो नाही. पारावर माणसं बसली होती, पत्ते चालले होते. विचारलं, गोसाव्यांची पालं कुठं? एक जण म्हणाला, इथं कुणी गोसावी राहत नाहीत. मी म्हटलं, फोन आलाय हो, बाळंतीण सीरियस आहे. तर म्हणे, कुणीतरी चेष्टा केली असेल. ज्या नंबरवरून फोन आला तो लावला, तर बंद. मग काय, फिरवली गाडी. दुसरा कॉल होताच.”

“कोण म्हणालं? नाव काय?”

“नावं कुठं विचारतो महाराज आम्ही. रस्ता विचारतो.”

“बाकीचे काही बोलले नाहीत?”

ड्रायव्हरनं जरा विचार केला.

“नाही. पत्ते वाटत होते.”

हेरंब माईंपाशी आला. त्या फाटकाच्या सावलीत बसल्या होत्या. त्यानं सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता.

माई ऐकत होत्या.

“नियम कुठला मोडला यांनी, माई?” त्यानं विचारलं. “कुणी हात उगारला नाही. कुणी गाडी अडवली नाही. एक जण एक वाक्य बोलला, बाकीचे गप्प बसले. याला आपल्याकडे काय म्हणतात? हिंसा म्हणतात? असत्य म्हणतात?”

“तुझ्या पुस्तकात काय म्हणतात?”

“पुस्तकात एवढ्या लहान गोष्टीला नाव नाही.”

“हं.”

समोरून अण्णांची जीप हळू बाहेर पडली. मागं झुंबर होती. जनका पुढच्या सीटवर, मांडीवर नात. पुढची सीट तिला अण्णांनी दिली होती. हेरंब जीप वळेपर्यंत पाहत राहिला.

मग तो माईंच्या शेजारी मातीत बसला. वाईटावर वाईट शब्द ठेवायला त्याचं मन तयार होत नव्हतं. ती माणसं रोजची होती. रोज त्याच्या झोळीत वाढणारी.

“माई,” तो शेवटी म्हणाला, “कदाचित त्या माणसाला ठाऊकच नसेल. पालं गावाबाहेर, ओढ्यापलीकडे. आपलेच लोक तिकडं जात नाहीत. पत्ते खेळणारा एखादा, बाहेरगावचा पाहुणा... त्याला दिसली नसतील. नाही का?”

माईंनी त्याच्याकडं पाहिलं. रागानं नाही. उन्हाळ्यात बाजरी कोण खातं असं विचारताना पाहिलं होतं, त्याहूनही शांतपणे.

...

“चौकातल्या पारावर बसलं ना, हेरंब,” त्या म्हणाल्या, “की समोर पालांशिवाय दुसरं काही दिसत नाही.”